निवडलेला मका

बघण्याच्या कार्यक्रमात सासूबाईंनी मला एकच प्रश्न विचारला होता. "तू हापिसात करतेस काय नेमकं?"

मी स्वारगेटच्या मागच्या गल्लीत वाढलेली, सरळ उत्तर द्यायची सवय. म्हणाले, "बुरशी शोधते."

माझ्या आईने मला टेबलाखालून चिमटा काढला. सासूबाई मात्र मनापासून हसल्या. "मग ये आमच्या मांजरी गावाला. पावसाळ्यात लोणच्यापासनं चपलांपर्यंत सगळ्यावर हाय." लग्न तिथेच ठरलं असं मी अजूनही मानते. नवऱ्याचं मत त्यानंतर विचारलं गेलं.

वाघोलीला एका खासगी प्रयोगशाळेत मी काम करते. जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याची तपासणी हे आमचं काम. मका, सोयाबीनची पेंड, शेंगदाण्याची पेंड, असलं सगळं पिशव्यांतून येतं आणि आम्ही त्यात बुरशीचं विष आहे का ते बघतो. बुरशी डोळ्यांना दिसते तरी, पण तिने दाण्यात सोडलेलं विष दिसत नाही, त्याला वास नाही आणि ते दळून किंवा भाजून जातही नाही. कोंबडी ते रोज थोडंथोडं खाते. मरत नाही लगेच, नुसती वाढायची थांबते. लोकांना हे ऐकून जांभई येते. मला मात्र अजूनही तपासणीच्या पट्टीवर रेघ उमटेपर्यंत श्वास रोखून धरायची खोड आहे. आमचे सर म्हणतात, "अहो, श्वास घ्या, रेघेला त्याने काही होत नाही."

सासूबाईंची शेड मांजरीला घराच्या मागे आहे. समोर बारा मजली इमारत, पाठीमागे ऊस आणि मध्ये गावरानसारख्या चारशे रंगीत कोंबड्या. सासरे गेले त्या वर्षी त्यांनी ती सुरू केली, तेव्हा घरातल्या सगळ्यांना वाटलं होतं की चार महिन्यांत हौस फिटेल. दहा वर्षं झाली, फिटली नाही. बाजारचं तयार खाद्य त्यांना पसंत नाही. मका स्वतः बघून घ्यायचा, घरी भरडायचा, पेंड आणि बाकीचं स्वतःच्या हातांनी मिसळायचं. गुडघे दुखतात, पण शेडमध्ये शिरल्या की चाल बदलते. कोंबड्यांशी बोलतात त्या आवाजात माझ्याशी कधी बोलल्या नाहीत, याचा मला पहिली दोन वर्षं राग होता.

मागच्या पावसाळ्यानंतर मात्र शेड बिघडली. आधी एक बॅच वाढली नाही, तेव्हा एखादी जायचीच म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. दुसरीही तशीच निघाली. एकाच दिवशी आलेली पिल्लं, पण काही मुठीएवढी तर काही त्यांच्या दुप्पट. तुरे फिके, पाय फिके, विष्ठेत न पचलेला भरडा दिसायचा. लस वेळच्या वेळी देऊनही सर्दी हटत नव्हती. जनावरांचे डॉक्टर आले, एक मेलेली कोंबडी उघडून बघितली आणि तिचं काळीज, म्हणजे यकृत, आम्हाला दाखवलं. ते तांबूस असायला हवं होतं. बेसनाच्या पिठल्यासारखं पिवळं होतं आणि बोट लावलं की तुटत होतं. "खाद्य तपासा," ते म्हणाले. "मक्यात विष असेल तर असंच होतं."

माझ्या अंगावर काटाच आला. भीतीने नव्हे, खोटं कशाला बोलू! आनंदाने. माझं काम पहिल्यांदाच माझ्या घरात येत होतं. सासूबाईंना म्हटलं, मक्याचा नमुना द्या, मी स्वतः तपासते.

त्या आठवड्यात नवऱ्याने आपला निर्णय सांगून टाकला होता. तो खराडीला एका आयटी कंपनीत आहे आणि घरातलं काहीही तो प्रोजेक्टसारखं हाताळतो. "आई, दोन बॅच फेल गेल्या. तुझं वय बघ, गुडघे बघ. आता शेड बंद करू आणि तू वाघोलीला आमच्याकडे ये. तुझी खोली रेडी आहे." त्याच्या बोलण्यात काळजी होती, हे मला मान्य आहे. पण त्या खोलीत सासूबाई सणाला राहायला आल्या की काय करतात ते मी बघितलेलं होतं. दहाव्या मजल्याच्या गॅलरीत उभ्या राहून खालच्या रिकाम्या प्लॉटकडे बघतात आणि दर तासाला विचारतात, "किती वाजले गं?"

"पण डॉक्टर म्हणाले ना, खाद्यात असेल," मी मध्ये पडले.

"ठीक आहे, टेस्ट कर," नवरा म्हणाला. "खाद्यात प्रॉब्लेम निघाला तर पुढची बॅच. रिपोर्ट क्लिअर आला तर मग आईला झेपत नाही एवढाच अर्थ. डन?"

सासूबाईंनी मान हलवली. म्हणजे त्यांची शेड आता माझ्या तपासणीवर ठरणार होती. मला केवढा अभिमान वाटला होता!

नमुना दुसऱ्याच दिवशी आला. स्टीलचा घासलेला डबा, वर पांढरं फडकं बांधलेलं. आत मका. टपोरे, सोनेरी, एकसारखे दाणे. धूळ नाही, कणसाचा तुकडा नाही, एक दाणा फुटका नाही. आमच्या सरांनी डब्यात डोकावून बघितलं. "मका आहे की दागिना?" ते म्हणाले. "तुमच्या सासूबाई कोंबड्या पाळतात की पाहुणे?"

मी हसले. हसले नुसती! "फार टापटीप आहेत त्या," असं कौतुकाने म्हणाले. चार वर्षं पोत्यांतला मका बघतेय मी. किडे, काड्या, खडे, उंदराच्या लेंड्या, काय काय येतं त्यात. खाद्याचा मका असा कधीच नसतो, हे मला त्या क्षणी कळायला हवं होतं. पण सासरचा डबा होता ना! त्या डब्यापुढे माझी सगळी अक्कल डोक्यावर पदर घेऊन बसली.

दाणे दळले, तपासले. रेघ स्वच्छ. विष नाही.

मला पटेना. पुन्हा नमुना मागवला. पुन्हा तोच डबा, तसंच फडकं, तसाच मका. पुन्हा स्वच्छ. नवऱ्याने रिपोर्ट मोबाइलवर मागून घेतला, मोठा करून वाचला आणि टेबलावर मोबाइल उलटा ठेवला. "बघ," तो म्हणाला, "तुझाच रिपोर्ट आहे."

त्या संध्याकाळी आम्ही मांजरीला गेलो तेव्हा मला वाटत होतं सासूबाई भांडतील. त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या चुलीवरचं पाणी उतरवत म्हणाल्या, "लॅबमधलं खोटं कसं असंल? माझंच कायतरी चुकत असंल. आता न्हाई ऱ्हायलं हातात." मग शेडकडे बघून म्हणाल्या, "ही बॅच गेली की झाडून घेते." एवढंच. मी दिलेल्या कागदावर त्यांनी स्वतःला दोषी ठरवून टाकलं होतं.

पण ते पिवळं काळीज डोळ्यांसमोरून जाईना. काळीज खोटं बोलत नव्हतं. रेघही खोटं बोलत नव्हती. मग मधे काहीतरी होतं. रविवारी सकाळी लॅबमधली पोत्यात खुपसायची लोखंडी नळी पिशवीत घातली, स्कूटर काढली आणि एकटी मांजरीला गेले. सरांना फोन करून नळी नेतेय म्हणून सांगितलं तर ते म्हणाले, "न्या. परत आणा. आणि या वेळी डबा नको, पोतं बघा." कळलं होतं त्यांना! दोन आठवडे कळलं होतं आणि पुणेरी माणूस एका टोमण्यावर थांबला होता.

मी पोचले तेव्हा सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. पुढ्यात सूप, सुपात मका. मान खाली, बोटं भराभर चाललेली. एक दाणा डावीकडे, एक उजवीकडे. शेजारी तो स्टीलचा डबा उघडा होता.

मी तिथेच थबकले.

"आई, हे काय करताय?"

"अगं, तू परत तपासणी करशील म्हणून ठेवत होते तयार," त्या म्हणाल्या. "निवडून ठेवते."

"निवडून? आधीचे दोन्ही डबे निवडून दिले होते?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं. "मग काय तसंच देऊ? किडका, काळा मका? तुझ्या हापिसात साहेब उघडून बघणार. म्हणणार, हिच्या सासरी असलं धान्य! चार माणसांत तुझी मान खाली जायला नको."

या बाईने आयुष्यात कुणाच्या दारात न निवडलेलं धान्य पाठवलं नव्हतं. गिरणीत नाही, देवळात नाही, लेकीच्या सासरी नाही. मग सुनेच्या लॅबमध्ये कसं पाठवतील? माझी लाज राखायला त्यांनी एकेक वाईट दाणा बोटांनी उचलून बाजूला काढला होता आणि सगळं विष त्याच दाण्यांत होतं. फुटके, सुरकुतलेले, काळपट दाणे. नेमके तेच. बुरशी तिथेच तर घर करते! त्या ओसरीवर मला एकाच वेळी हसावंसं, रडावंसं आणि नाचावंसं वाटत होतं.

"आणि निवडून काढलेलं कुठे गेलं?" मी विचारलं.

"कुठं जाणार? कोंबड्यांना. अन्न टाकत्यात व्हय?"

मी धावत कोठीत गेले. शेडच्या कडेला पत्र्याची खोली, तिच्या भिंतीला टेकवून मक्याची पोती आणि वर निळी ताडपत्री घट्ट बांधलेली. पाऊस लागू नये म्हणून त्यांनी किती काळजीने बांधली होती! मी गाठ सोडली. पहिल्या पोत्याचं तोंड उघडलं. वरचा मका छान होता. बाही वर केली आणि हात आत घातला, मनगटापर्यंत, कोपरापर्यंत, दंडापर्यंत.

"अहो आई! गरम आहे! आत गरम आहे!"

पोत्याच्या पोटात ऊब होती. बाळाच्या दुपट्यात असते तशी. पुरता न वाळलेला मका त्या ताडपत्रीखाली तीन महिने घाम धरून बसला होता. मी मूठ मिटून हात बाहेर काढला तर दाणे सुटे निघालेच नाहीत, एकमेकांना चिकटलेला गोळा निघाला, त्यावर हिरवट पिवळी पूड. लोक सोनं सापडल्यावर कसे ओरडतात मला माहीत नाही, पण मी त्या गोळ्यासाठी ओरडले. समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी खिडकीत येऊन बघितलं.

मग मी नळी काढली. प्रत्येक पोतं वर, मध्ये, खाली, भिंतीकडून, उजेडाकडून. सगळं एका पिशवीत मिसळलं, धुळीसकट, किड्यांसकट. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "एवढी घाण नेणार तू हापिसात?" त्या कळवळून म्हणाल्या.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये होते. आधी मका भरडून अंधाऱ्या खोलीत निळ्या दिव्याखाली पसरला. दिवा लावला आणि ताटभर अंधारात ठिणग्या उमटल्या, हिरवट पिवळ्या, जागोजागी. ही बुरशीची नुसती खूण असते, विषाचा पुरावा नव्हे, हे मला ठाऊक होतं, तरी मी टाळ्या वाजवल्या. मग रीतसर तपासणी. श्वास रोखला. या वेळी सरही शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनीही रोखला होता, मी शपथेवर सांगते. आकडा आला. मर्यादेच्या कितीतरी वर. यंत्राने पहिल्यांदा वाचलाच नाही, नमुना पातळ करून पुन्हा घालावा लागला.

"अभिनंदन," सर म्हणाले. "तुमच्या घरात विष निघालं."

नवऱ्याला मी फोनवर एवढ्या मोठ्याने सांगितलं की त्याच्या मीटिंगमधल्या सगळ्यांनी ते ऐकलं. मग तो म्हणाला, "म्हणजे आई बरोबर करत होती?"

"सगळं बरोबर करत होती! फक्त पोती चुकीच्या जागी होती!"

"ओके," तो म्हणाला. "मी आज लवकर निघतो."

संध्याकाळी आम्ही दोघं मांजरीला पोचलो. मी अंगणातूनच बोलायला लागले. काळीज का पिवळं पडतं, अंगी अन्न का लागत नाही, लस का लागू पडत नाही, त्यात त्यांच्या देखभालीचा काही दोष कसा नव्हता. हात हलवून, घाईघाईने, एखादं पोर पहिला नंबर आला म्हणून सांगतं तशी मी बोलत होते. सासूबाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्या ओसरीच्या पायरीवर बसल्या.

"म्हंजे," त्या म्हणाल्या, "मी माझ्या हातानं चांगलं तुला दिलं आन् वाईट त्यांना घातलं."

एवढ्या आनंदात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या रडल्या नाहीत. उजवा हात मांडीवर उताणा ठेवून बोटांकडे बघत राहिल्या. मला स्वतःची इतकी शरम वाटली की मी त्यांच्याशेजारी खालीच बसले. खरं तेच बोलले. "आई, मीही तो डबा बघून फसले. शिकलेली असून फसले. दोन्ही रिपोर्ट माझेच आहेत."

नवरा तोवर कोठीत गेला होता. ऑफिसच्या कपड्यांत त्याने एकट्याने पोती बाहेर ओढायला सुरुवात केली. थोड्या वेळाने तिथूनच ओरडला, "आई, खाली फळ्या टाकाव्या लागतील ना? भिंतीपासून किती लांब?" सासूबाई दचकल्या. पदराने तोंड पुसलं आणि उठल्या. "अरे, तसा वढू नको, फाटंल ते!" म्हणत कोठीकडे गेल्या. गुडघ्यांची आठवण त्यांना झाली असं मला दिसलं नाही.

तो सगळा मका खड्डा करून पुरला. अन्न टाकताना त्यांचा जीव वरखाली होत होता, पण माती त्यांनीच लोटली. वाळलेला नवा मका आला, फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, ताडपत्रीशिवाय. डॉक्टरांनी विष धरून ठेवणारी पूड खाद्यात मिसळायला दिली. त्या बॅचमधल्या खुरटलेल्या कोंबड्या पुरत्या भरल्या नाहीत, गेलेली वाढ परत येत नाही. पण तीन आठवड्यांत तुरे लाल झाले. सासूबाईंनी मला व्हिडिओ कॉल करून नुसते तुरे दाखवले, सलग दहा मिनिटं, एकेक. मी लॅबमधल्या सगळ्यांना बोलावून ते बघायला लावले.

पुढची पिल्लं नवऱ्यानेच आणली. पाचव्या आठवड्याला तो काटा घेऊन शेडमध्ये शिरला, वीस कोंबड्या तोलल्या आणि बाहेर आला. "सगळ्या जवळपास सारख्या," तो म्हणाला. आईकडे बघितलं. "वाघोलीच्या खोलीत मी माझं टेबल टाकतो मग. रिकामी कशाला ठेवायची?" माफी मागायची त्याची पद्धत तेवढीच. सासूबाईंनी ती घेतली आणि त्याला दोन अंडी जास्त दिली.

या महिन्यात मक्याची नवी पोती आली. मी म्हटलं होतं की रविवारी येऊन नमुना घेते. बुधवारी दुपारी आमच्या रिसेप्शनवरून फोन आला, कुणी आजी आल्या आहेत, पिशवी कुणाच्या हातात देत नाहीत. मी धावत बाहेर गेले. सासूबाई नव्या साडीत उभ्या होत्या, दोन बस बदलून आलेल्या, छातीशी प्लास्टिकची पिशवी धरलेली. पिशवीत धूळ, कणसाचे तुकडे, फुटके दाणे आणि एक जिवंत किडा.

"प्रत्येक पोत्यातनं घेतलाय," त्या हळूच म्हणाल्या. "वर, मध्ये, खाली. निवडला न्हाई." सर बाहेर आले तशा त्या जराशा माझ्यामागे सरकल्या, पण पिशवी पुढे केली.

सरांनी ती दोन्ही हातांनी घेतली. "वा," ते म्हणाले, "असा नमुना हवा." आणि टेबलावरच्या ताटात तो मका ओतला.

सासूबाईंचा हात आपसूक पुढे गेला. दोन बोटांनी त्यांनी एक काळा दाणा अचूक उचलला. मी काही बोलणार होते. त्या क्षणभर दाण्याकडे बघत राहिल्या, माझ्याकडे बघितलं आणि तो परत ताटात ठेवला.